बहिणाबाई आणि माझी आई

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वैशाखात माझे वडील वारले. दोन महिन्यांनी भाताची लावणी आली. सावडीला आलेल्या बायांबरोबर गुडघाभर चिखलात वाकलेली माझी आई गाणे म्हणू लागली. मी बांधावर रोपांच्या मुठी घेऊन उभी होते. मला आईचा राग आला. माणूस इतक्या लवकर विसरते का? समोर भाटघर धरणाचे पाणी चढत होते आणि कॉलेज सोडायचे, हे मी मनाशी ठरवून टाकले होते.

ग्रंथालयाची पुस्तके परत करायची होती. त्यांत ‘बहिणाबाईंची गाणी’ होते. शाळेत त्यांची कविता पाठ केली होती; आयुष्य मात्र ठाऊक नव्हते.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या आसोदे गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झाले आणि तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी काशी, ओंकार आणि सोपानदेव ही तीन मुले. प्लेगच्या आजाराने ओंकारला कायमचे अपंगत्व आले. शेत, गुरे, चूल, जाते यांतून उसंत नव्हती. लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही हाताला काम आणि ओठांवर गाणे, असे त्यांचे दिवस गेले.

स्वतःच्या वैधव्यावरही त्यांनी गाणे केले. त्यात अश्रू आहेत, तसा आपल्या कष्टांवरचा भरवसाही आहे. त्यांचा देव मला मातीतून वर येणाऱ्या कोंबात आणि सुगरणीच्या खोप्यात भेटला. ज्याने दुःख दिले त्याच्याशी त्यांनी अबोला धरला नाही. पेरणी करता करता त्याच्याशी बोलत राहिल्या. ते वाचताना वडील गेल्यानंतर प्रथमच मला मोकळेपणी रडू आले.

ही गाणी वाऱ्यावर विरून गेली असती. पण सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती लिहून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह निघाला. शाळेची पायरी न चढलेल्या या माऊलीचे नाव २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला देण्यात आले.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिकून काय करायचे, याचे एक उत्तर मला सोपानदेवांकडून मिळाले. त्या रात्री वही घेऊन मी आईजवळ बसले आणि लावणीच्या वेळचे गाणे पुन्हा म्हणायला सांगितले. आई लाजली. मग हलक्या आवाजात म्हणू लागली.

उखाण्याखेरीज आईने वडिलांचे नाव घेतलेले मी कधी ऐकले नव्हते. त्या गाण्यात ते दोनदा आले. बांधावरून मला ते ऐकूच आले नव्हते.

मी ते वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने कॉलेजात आले.