वादळाचा इशारा बंदरावर टांगणारा कॅप्टन : रॉबर्ट फिट्झरॉय

कोकणात वादळाची बातमी आली की बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. मग वाऱ्याचे आकडे कुणी विचारत बसत नाही. इशारा लांबून दिसला पाहिजे आणि बघताक्षणी कळला पाहिजे, हे दीडशे वर्षांपूर्वी ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे ब्रिटिश नौदलातले रॉबर्ट फिट्झरॉय.

जन्म १८०५ चा. डार्विन ज्या बीगल जहाजातून जगप्रवासाला गेला, त्याचे हे कॅप्टन. पुढे न्यूझीलंडचे गव्हर्नर झाले आणि १८५४ मध्ये ब्रिटनच्या नव्या हवामान खात्याचे प्रमुख. काम होतं जहाजांकडून हवामानाच्या नोंदी गोळा करायचं. अंदाज सांगायला त्यांना कुणी बसवलं नव्हतं.

पण ऑक्टोबर १८५९ मध्ये मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेलं रॉयल चार्टर जहाज घराजवळ येऊन वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं. सुमारे ४५० जण गेले. फिट्झरॉय यांनी नोंदी तपासल्या आणि त्यांची खात्री पटली, की तारेनं वेळेत इशारा देता आला असता.

१८६१ मध्ये त्यांनी ते करून दाखवलं. किनाऱ्यावरच्या केंद्रांतून तारा लंडनला यायच्या आणि धोका दिसला की बंदरांना उलट तार जायची. तिथे खांबावर शंकू चढायचा. टोक वर असेल तर वादळ उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. रात्री कंदील. अक्षरओळख नसलेल्या मच्छिमारालाही हे कळायचं. त्याच वर्षी वर्तमानपत्रात रोजचा अंदाजही सुरू झाला.

अंदाज चुकले की मात्र टिंगल व्हायची. होड्या थांबल्या की मालकांचा धंदा बुडायचा, तेही चिडायचे. टीका, कर्ज आणि नैराश्य यांनी खचलेल्या फिट्झरॉय यांनी ३० एप्रिल १८६५ रोजी आयुष्य संपवलं.

त्यांच्यानंतर समितीनं इशारे बंद केले. पण समुद्रावर जाणाऱ्यांनीच ते परत मागितले आणि १८६७ मध्ये शंकू पुन्हा चढले.

आज पायलट उड्डाणाआधी मेटार आणि टॅफ हे सांकेतिक अहवाल वाचतो, नकाशे आणि रडारची रंगीत चित्रं बघतो. निघायचं की थांबायचं, हे अजूनही कॅप्टनच ठरवतो. म्हणून समोरची माहिती पटकन आणि नेमकी कळणं महत्त्वाचं.

२००२ मध्ये ब्रिटनच्या सागरी हवामान वार्तापत्रातल्या एका समुद्रक्षेत्राला फिट्झरॉय हे नाव मिळालं. ज्या अंदाजांची टिंगल झाली, त्यांच्यातच आता त्यांचं नाव रोज घेतलं जातं.