लेखांकाचे मोल : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांचे रुमाल वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडत होते. कित्येक दप्तरे रद्दीच्या भावाने वाण्याकडे जात. जी उरली होती, ती परक्याच्या दृष्टीस पडली तर वतनाला बाध येईल, या धास्तीने कुलुपात राहत. हे विखुरलेले धन अभ्यासकांपुढे मांडण्याचे व्रत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी घेतले.

तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील वरसई हे त्यांचे गाव. डेक्कन कॉलेजातून ते १८९० साली बी. ए. झाले. पत्नी अकाली निवर्तल्यावर त्यांनी पुन्हा संसार थाटला नाही. गावोगाव हिंडावे, दप्तरे मिळवावीत, स्वहस्ते नकला कराव्यात आणि कर्ज काढूनही छापाव्यात, हाच त्यांचा प्रपंच झाला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढील सुमारे दोन दशकांत या मालेचे २२ खंड प्रसिद्ध झाले.

पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. या काळाशी बऱ्हाणपूरचा निकटचा संबंध आहे. १७६० च्या उदगीर येथील विजयानंतर निजामाने बऱ्हाणपूर व अशीरगड मराठ्यांना दिले आणि त्याच वर्षी सदाशिवरावभाऊंची फौज बऱ्हाणपुरावरून पानिपताकडे गेली. त्या मोहिमेचा वृत्तांत तत्कालीन पत्रांतूनच वाचण्याची सोय सामान्य मराठी वाचकाला या खंडाने झाली.

राजवाड्यांनी प्रत्येक कागदाला लेखांक दिला. पत्रावर पुष्कळदा तिथी असे, पण शक नसे. अशा ठिकाणी अंतर्गत पुराव्यावरून काळ ठरविला. प्रस्तावनेत मते मांडली, पण ती ज्या कागदांवर उभी होती ते कागदही त्याच ग्रंथात दिले. त्यामुळे खंड व लेखांक सांगितला की कोणत्याही गावचा वाचक ग्रंथकाराच्या विधानावरून थेट मूळ पत्रापर्यंत पोहोचू लागला. राजवाड्यांची मते आग्रही होती. पानिपताच्या अपयशाची त्यांनी केलेली मीमांसा पुढील संशोधकांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. परंतु त्यांचे खंडन करतानाही आधार घ्यावा लागला तो त्यांनीच छापलेल्या पत्रांचा. निष्कर्ष मागे पडले, तरी साधने टिकली.

१९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे मतभेदांमुळे ते मंडळापासून दूर झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी खानदेशातील धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचा संग्रह जतन करण्यासाठी धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले.

आज जगभर संशोधनाची आधारसामग्री संगणकावर ठेवतात, तिला कायमचा क्रमांक देतात आणि तो क्रमांक शोधनिबंधात नमूद करतात. साधन नवे असले, तरी दृष्टी राजवाड्यांच्या लेखांकाचीच आहे. ग्रंथालयालाही हे तत्त्व परके नाही. ज्याची नोंद नाही तो ग्रंथ कपाटात असूनही वाचकाला नसल्यासारखाच. आणि ज्या घरी अजून एखादे जुने दप्तर बांधून ठेवलेले आहे, त्या घराला राजवाड्यांचे चरित्र आजही काही मागत आहे.