आनंदीबाईंचा अर्ज

गणराय ही आपली विद्येची देवता. उत्सवाच्या या धामधुमीतही आपल्या सिल्वासात एखाद्या घरी बारावीचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेतल्या विद्यापीठाचा अर्ज भरत बसलेली असते. गुणपत्रिका, शिफारसपत्रे, शिष्यवृत्ती, आणि सगळ्यात अवघड म्हणजे तिथे का जायचे आहे हे सांगणारा निबंध! असाच एक अर्ज १८८३ साली अठरा वर्षांच्या एका मराठी मुलीने केला होता. त्या डॉ. आनंदीबाई जोशी.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणचा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला होते, वयाने बरेच मोठे आणि स्वभावाने हट्टी. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा ध्यास. त्यापायी आनंदीबाईंना जाचही सोसावा लागला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, हे दुःख त्यांच्या मनातून गेले नाही. डॉक्टर व्हायचे, हे तिथे ठरले.

गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली. उत्तरात धर्मांतराचा सल्ला आला. तो या दोघांना मान्य नव्हता. पण हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या कार्पेंटरबाईंनी तो दंतवैद्याच्या दवाखान्यात वाट पाहताना वाचला. त्यांनी आपणहून पत्र लिहिले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

समाजाचा विरोध मोठा होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे भरसभेत उभे राहून आनंदीबाईंनी आपण का जात आहोत हे सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन अशी ग्वाही दिली. एप्रिलमध्ये त्या पतीशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या.

रोझेलहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज पाठवला. प्रवेशाच्या अटींत आपण पुऱ्या बसत नाही, हे त्यांनी लपवले नाही. प्रकृती चांगली आहे, निश्चय पक्का आहे आणि आप्तांचा, जातीचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, एवढेच पुढे ठेवले. कारण साधे लिहिले: आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे. डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली.

थंडी, शाकाहाराची गैरसोय आणि ढासळती प्रकृती यांना तोंड देत त्यांनी अभ्यास पुरा केला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. अमेरिकेत डॉक्टर झालेली ही पहिली भारतीय स्त्री. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. परंतु क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्या गेल्या. एकाही रुग्णाला त्या इथे तपासू शकल्या नाहीत. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथे त्या घराण्याच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे.

मग त्या अर्जाचे फळ काय? आज सिल्वासाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आपल्या मुली शिकतात, तेव्हा कुणी त्यांना अडवत नाही. ही वाट अनेकींनी रुंद केली. त्यात आरंभीचे एक पाऊल कल्याणच्या या मुलीचे आहे.

आपल्या मुलांनी परदेशी जरूर जावे. फक्त अर्ज भरताना कुणाकडून निबंध लिहून घेण्याआधी, आपण कुणासाठी शिकणार आहोत, हे एकदा स्वतःला विचारावे. उत्तर खरे असेल तर शब्द आपोआप सुचतात.

गणपती बाप्पा मोरया!