अस्लम शेर खानच्या गोलने ज्याचं स्वप्न मोडलं, तो मलेशियाचा गोलकीपर

1975 च्या हॉकी वर्ल्ड कपचा विषय निघाला की आपल्या घरात आधी अस्लम शेर खानचं नाव येतं. भोपाळचा तो तरुण फुलबॅक, गळ्यातल्या तावीजचं त्याने घेतलेलं चुंबन आणि शेवटच्या मिनिटांत ठोकलेला गोल. हा किस्सा वडीलधाऱ्यांकडून आपण कितीदा तरी ऐकलाय. पण त्या दिवशी समोरच्या टीमचा कोच कोण होता, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांचं नाव हो कोह चाय.

हो हे त्यांचं आडनाव. चिनी रिवाजाप्रमाणे आडनाव आधी येतं. 1963 मध्ये मलेशिया हा नवा देश बनला आणि पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याची हॉकी टीम उतरली. विशीतले हो त्या टीमचे गोलकीपर होते. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्येही ते खेळले. त्या काळी गोलकीपरला आजच्यासारखं हेल्मेट नव्हतं. पायाला पॅड बांधायचे आणि अंगावर येणाऱ्या बॉलसमोर उभं राहायचं.

गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं. गोलकीपरचं नाव बहुतेक वेळा चूक झाली तरच निघतं. पण सगळं मैदान समोर दिसतं ते त्यालाच. कोण जागा सोडतोय, कोण दमलाय, हे त्याला मागून कळतं आणि तो ओरडून सांगत असतो. कोचचं कामही यापेक्षा फार वेगळं नाही. खेळणं थांबल्यावर हो कोचिंगकडे वळले आणि 1975 मध्ये, वयाच्या तिशीतच, राष्ट्रीय टीम त्यांच्या हातात होती.

वर्ल्ड कप क्वालालंपूरलाच होता. मलेशियाकडून मोठी आशा कुणालाच नव्हती. टीममध्ये मलय मुसलमान, चिनी, तमिळ, शीख असे सगळेच होते. गोलमध्ये खैरुद्दीन झैनल, कॅप्टन श्री षण्मुगनाथन. या पोरांनी आधीच्या वर्ल्ड कपचा विजेता हॉलंड 2-1 ने हरवला आणि थेट सेमीफायनल गाठली. समोर भारत होता.

त्या वर्ल्ड कपदरम्यान आपल्या टीमचे मॅनेजर बलबीर सिंग सिनिअर अस्लमला घेऊन मशिदीत गेले आणि टीमही सोबत गेली, ही आठवण पुढे खूप सांगितली गेली. मैदानात मात्र मलेशियाने आधी गोल केला. शिवाजी पवारने बरोबरी साधली, तर मलेशिया पुन्हा पुढे गेला, 2-1. वेळ संपत आली. यजमान देश फायनलच्या दारात उभा होता. तेवढ्यात अस्लम मैदानात आला, 65 व्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि बॉल जाळ्यात गेला. जादा वेळेत हरचरण सिंगने गोल करून सामना भारताला 3-2 ने जिंकून दिला. फायनलमध्ये पाकिस्तानला 2-1 ने हरवून आपण कप घरी आणला.

आपल्याकडे फटाके फुटले. पण स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, पाच मिनिटांनी हुकलेली फायनल त्या कोचच्या वाट्याला आली. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पश्चिम जर्मनीनेही मलेशियाला हरवलं, आणि टीम चौथी आली.

त्यानंतर पन्नास वर्षं उलटली. पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये चौथ्या नंबरच्या पुढे मलेशिया अजून गेलेला नाही. हो कोह चाय 2008 मध्ये वारले, पण त्यांच्या टीमची ती कामगिरी तिथे आजही अभिमानाने सांगितली जाते.

आपल्या मोहल्ल्यातही मॅच सुरू झाली की गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नसतं. शेवटी लहान पोराला नाहीतर जाड्याला तिथे ढकलतात. पुढच्या वेळी त्या पोराला हो कोह चाय यांची गोष्ट नक्की सांगा.