आल्फ्रेड नोबेल आणि पेटीतला धोका

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की नोबेल पुरस्कारांची चर्चा सुरू होते. साहित्याचं नोबेल कुणाला मिळणार यावर आपल्या मंडळातही पैजा लागतात. रवींद्रनाथांचं १९१३ चं नोबेल आणि सी. व्ही. रामन यांचं १९३० चं नोबेल आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण ज्याच्या नावाचा हा पुरस्कार, त्या माणसाविषयी विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एका ओळीत संपतं: त्याने डायनामाइट शोधलं, पुढे पश्चात्ताप झाला, म्हणून पैसे देऊन टाकले.

मी त्याचं चरित्र वाचायला घेतलं तेव्हा माझीही समजूत एवढीच होती. वाचता वाचता लक्षात आलं की आल्फ्रेड नोबेलच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण वर्षं स्फोट घडवण्यापेक्षा स्फोट टाळण्यात गेली. स्फोटक बनवणं एक वेळ सोपं होतं, ते कारखान्यातून खाणीपर्यंत सुखरूप पोहोचवणं हे खरं अवघड काम होतं. मला त्याच्या आयुष्याची हीच बाजू सांगायची आहे.

आल्फ्रेडचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोमला झाला. वडील इमॅन्युएल हे हुन्नरी गृहस्थ, पण पैशाच्या बाबतीत नशीब फुटकं. मुलगा जन्मला त्याच वर्षी त्यांचं दिवाळं निघालं. काही वर्षांनी ते रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले, तिथे त्यांचा जम बसला आणि १८४२ मध्ये बायकामुलं तिकडे गेली. मुलांना घरी शिकवायला शिक्षक ठेवले होते. आल्फ्रेड तब्येतीने किरकोळ, स्वभावाने एकलकोंडा, पण अभ्यासात हुशार. सतराव्या वर्षापर्यंत त्याला स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा पाच भाषा येत होत्या. आपल्या मंडळाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे तो कविता करायचा, त्याही इंग्रजीत, आणि शेली हा त्याचा आवडता कवी होता. आयुष्याच्या अखेरीस त्याने एक नाटकही लिहिलं. मुलाचं हे साहित्याचं वेड वडिलांना फारसं पसंत नव्हतं. त्यांनी त्याला परदेशी शिकायला पाठवलं.

पॅरिसमध्ये तो पेलूझ या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करत होता. याच पेलूझच्या हाताखाली पूर्वी आस्कानिओ सोब्रेरो नावाचा इटालियन शास्त्रज्ञ शिकला होता. सोब्रेरोने १८४७ च्या सुमारास तुरीनमध्ये नायट्रोग्लिसरिन तयार केलं. दिसायला साधं तेलासारखं पातळ द्रव्य, पण बंदुकीच्या दारूपेक्षा कितीतरी ताकदवान. सोब्रेरोला ते इतकं भयंकर वाटलं की ते व्यवहारात वापरूच नये असं त्याचं मत झालं.

आल्फ्रेडला मात्र त्यात वेगळंच दिसलं. तो काळ रेल्वेचा, बोगद्यांचा, खाणींचा होता. कठीण खडक फोडायला लोकांकडे सुरुंगाची काळी दारू सोडून दुसरं काही नव्हतं. अडचण अशी की नायट्रोग्लिसरिन नको तेव्हा फुटायचं आणि हवं तेव्हा फुटेलच याची खात्री नसायची. आल्फ्रेडने त्यावर तोड काढली: मुख्य स्फोटकात एक छोटा स्फोट घडवायचा, म्हणजे त्या धक्क्याने सगळं एकदम फुटतं. १८६३ पासून त्याने ही कल्पना सुधारत नेली आणि आज आपण ज्याला डिटोनेटर म्हणतो ती वस्तू त्यातून निघाली. माझ्या मते रसायनाच्या दृष्टीने हा त्याचा सगळ्यात मोठा शोध.

पण या शोधाची किंमत घरातूनच वसूल झाली. क्रिमियन युद्धानंतर वडिलांचा रशियातला धंदा बुडाला होता आणि कुटुंबातले काही जण स्टॉकहोमला परतले होते. हेलेनेबोर्ग इथे त्यांची कार्यशाळा होती. ३ सप्टेंबर १८६४ रोजी तिथे स्फोट झाला. त्यात आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल आणि आणखी काही जण गेले. एमिल जेमतेम विशीचा होता. थोड्याच दिवसांत वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. ते पुढे आठ वर्षं जगले आणि गेले तेही ३ सप्टेंबरलाच, १८७२ साली.

शहराच्या हद्दीत हे काम करायला बंदी आली. आल्फ्रेड थांबला नाही. मेलारेन सरोवरात एक पडाव नांगरून त्याने त्यावर काम सुरू केलं. मग स्टॉकहोमजवळ विंटरविकेनला आणि १८६५ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गजवळ क्र्युमेलला कारखाना काढला. मागणी जबरदस्त होती. हे स्फोटक तेल पत्र्याच्या डब्यांतून, डबे लाकडी पेट्यांतून, आणि पेट्या जहाजांतून, आगगाड्यांतून, घोडागाड्यांतून जगभर जाऊ लागल्या.

इथून गोष्टीला वेगळं वळण लागतं.

वाहतुकीत या तेलाचे दोष एकेक करून उघडे पडले. तेल बनवताना त्यातलं आम्ल नीट धुतलं गेलं नाही तर ते आतल्या आत कुजतं, वायू होतो आणि डब्यात दाब वाढतो. डबा गळला तर तेल पेटीच्या लाकडात मुरतं. साधारण १३ अंशांच्या खाली ते गोठतं, आणि गोठलेलं तेल वितळवायला लोक ते सरळ शेकोटीजवळ ठेवायचे! द्रव असल्याने ते डब्यात हिंदकळतं. त्यातल्या बारीक बुडबुड्यांवर धक्क्याने दाब पडला की ते क्षणात तापतात, आणि तेवढी उष्णता स्फोटाला पुरते.

नोव्हेंबर १८६५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एका प्रवाशाने ठेवायला दिलेल्या पेटीतून धूर निघू लागला. आत काय आहे हे तिथल्या नोकरांना ठाऊक नव्हतं. ती पेटी कित्येक दिवस तिथे पडून होती, लोक तिचा बसायला, पाय ठेवायला वापर करत होते. कुणीतरी ती बाहेर रस्त्यावर टाकली आणि स्फोट झाला. एप्रिल १८६६ च्या सुरुवातीला पनामातल्या आस्पिनवॉल बंदरात 'युरोपियन' नावाचं जहाज उडालं, चाळीसहून अधिक माणसं मेली. पुढच्या पंधरवड्यात, १६ एप्रिलला, सॅन फ्रान्सिस्कोत वेल्स फार्गो कंपनीच्या कचेरीमागच्या अंगणात तेलकट गळणारी एक पेटी उघडायला घेतली. माल खराब झालाय का, एवढंच पाहायचं होतं. हातोडा आणि छिन्नी लावली, आणि पंधरा जणांचा जीव गेला.

या तिन्ही घटनांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट सारखी दिसते. पेटी ज्यांच्या हातात होती त्यांना पेटीत काय आहे हे माहीत नव्हतं. पाठवणाऱ्याला ठाऊक होतं, घेणाऱ्याला ठाऊक होतं. मधला हमाल, कारकून, गाडीवान मात्र अंधारात होता. जीव मात्र गेला त्या मधल्या माणसाचा.

त्याच सुमारास आल्फ्रेड न्यूयॉर्कला पोहोचला होता. अशा वेळी तिथे त्याचं स्वागत कसं झालं असेल, कल्पना करा. तेल नीट हाताळलं तर धोका नाही हे त्याने लोकांसमोर प्रयोग करून दाखवलं. अमेरिकेच्या संसदेने जुलै १८६६ मध्ये कायदा केला: नायट्रोग्लिसरिन धातूच्या भांड्यात असलं पाहिजे, भोवती प्लास्टर ऑफ पॅरिससारखं स्फोट न होणारं भरण हवं, दुसऱ्या मालाबरोबर ते नेता येणार नाही, आणि पेटीवर त्याचं नाव व धोक्याची सूचना ठळक लिहिली पाहिजे. धोका पेटीवर लिहा, ही साधी अक्कल कायद्यात यायला एवढी माणसं मरावी लागली.

काहींनी वाहतुकीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेला सिएरा नेवाडाच्या डोंगरात बोगदे खणायचे होते. त्यांनी १८६७ मध्ये जेम्स हाउडन या रसायनतज्ज्ञाला डोंगरावरच नेलं आणि लागेल तेवढं तेल जागेवरच बनवलं. न्यायचंच नाही, म्हणजे रस्त्यात फुटायचा प्रश्नच मिटला! पण प्रत्येक खाणीला हे कसं परवडणार?

आल्फ्रेडने आधी तेलात मिथाइल अल्कोहोल मिसळून पाहिलं. त्यामुळे ते प्रवासात शांत राहायचं आणि पोहोचल्यावर पाणी घातलं की तेल पुन्हा वेगळं व्हायचं. पण अल्कोहोल उडून जातं, पेटतंही. मग त्याने ठरवलं की द्रव न्यायचाच नाही, तो कशात तरी जिरवायचा. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा, विटेची पूड, सिमेंट असं एकेक करून पाहिलं. १८६६ मध्ये क्र्युमेलचा कारखानाच स्फोटाने उद्ध्वस्त झाला होता, तेव्हा त्याने एल्बे नदीत तराफ्यावर प्रयोग चालू ठेवले. शेवटी त्याच भागात मिळणारी कीझलगूर नावाची माती कामाला आली. डायॅटम या सूक्ष्म शैवालांच्या कवचांची ती माती, हलकी आणि सच्छिद्र. तीन भाग तेल ती एक भाग माती पिऊन टाकते, आणि स्वतः कोणत्याही रासायनिक भानगडीत पडत नाही. तयार होतो कणकेसारखा गोळा. त्याच्या कांड्या वळता येतात, कागदात गुंडाळता येतात. १८६७ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं आणि नाव दिलं डायनामाइट.

पेटीतून तेल गळून मातीत सांडलं आणि योगायोगाने शोध लागला, अशी एक गोष्ट सांगितली जाते. आल्फ्रेडने स्वतः ती नाकारली होती. त्याने शोधून, तपासून ही माती निवडली होती, आणि मला वाटतं हा फरक महत्त्वाचा आहे. डायनामाइट म्हणजे मुळात अधिक ताकदवान स्फोटक नव्हतंच. माती मिसळल्याने ताकद उलट थोडी कमी झाली. ताकद कमी करून त्याने सुरक्षितता घेतली. प्रवास सोसेल असं नायट्रोग्लिसरिन, ही डायनामाइटची खरी व्याख्या.

तरी जुनं तेल लगेच बंद झालं नाही. ३० जून १८६९ रोजी वेल्समधल्या कुम-अ-ग्लो गावाजवळ नायट्रोग्लिसरिन घेऊन दगडाच्या खाणीकडे निघालेल्या दोन घोडागाड्या रस्त्यातच उडाल्या. सहा माणसं गेली. त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश संसदेने कायदा करून नायट्रोग्लिसरिन बनवणं, आणणं, विकणं आणि वाहून नेणं परवान्याशिवाय बंद केलं. त्यात डायनामाइटही सापडलं, कारण त्यात तेच तेल होतं. आल्फ्रेडला हे अन्यायाचं वाटलं. पुढे परवाना मिळाला, स्कॉटलंडमध्ये आर्डीरला मोठा कारखाना उभा राहिला, पण ब्रिटनच्या रेल्वे कंपन्या कित्येक वर्षं त्याचा माल घ्यायला तयार नव्हत्या.

आता त्याच्या भावाचीही गोष्ट थोडक्यात सांगते. लुडविग नोबेल बाकूला खनिज तेलाच्या धंद्यात होता. पिंपांतून तेल नेण्याऐवजी जहाजाच्या पोटातल्या टाक्यांतूनच न्यावं म्हणून त्याने १८७८ मध्ये 'झोरोॲस्टर' हे टँकर जहाज पाण्यात उतरवलं. पारशी ज्याला जरथुष्ट्र म्हणतात त्याचंच हे नाव. १८८१ मध्ये त्याच धर्तीचं एक जहाज बाकूला रॉकेल भरत असताना वाऱ्याच्या झोताने नळी निसटली, रॉकेल सांडलं, खाली यंत्रखोलीत कंदील होते, आणि जहाज पेटलं. निम्मे खलाशी मेले. त्यानंतर लुडविगने लवचिक, न गळणारी नळी बनवली. एका भावाने घन केलं, दुसऱ्याने टाकीत बंद केलं. प्रश्न दोघांचा एकच होता.

आल्फ्रेडने पुढे ब्लास्टिंग जिलेटिन काढलं, धूर न करणारी दारू काढली, साडेतीनशेच्या वर पेटंटं मिळवली, अफाट पैसा कमावला. लग्न केलं नाही. कारखान्यातल्या तेलाच्या वाफेने त्याचं डोकं दुखायचं, आणि उतारवयात हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरिनच सुचवलं! २७ नोव्हेंबर १८९५ रोजी त्याने पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली आणि १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीत सान रेमोला त्याचं निधन झालं. १९०१ पासून पुरस्कार सुरू झाले.

मग त्याला दोष द्यायचा की नाही? मी यावर बराच विचार केला. त्याच्या स्फोटकांनी युद्धात माणसं मेली हे खरं, आणि त्यावर खूप लिहिलं गेलंय. मला जास्त खटकतं ते १८६५-६६ चं. प्रवासात सुरक्षित नसलेलं तेल त्याने जगभर विकलं आणि सुरक्षित करण्याचा उपाय नंतर शोधला. एमिल गेल्यावरही विक्री थांबली नव्हती. पण अपघातांनंतर दुसऱ्यावर ढकलून तो मोकळाही झाला नाही. तराफ्यावर बसून, स्वतःचा जीव पणाला लावून त्याने उत्तर शोधलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

त्या पेट्यांचा आपल्याशी संबंध आहे. ब्रिटनने १८७५ मध्ये स्फोटकांचा सविस्तर कायदा केला, त्यामागोमाग १८८४ चा भारतीय स्फोटक कायदा आला, आणि तो राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आज नागपूरला आहे. आमच्या बेळगावातून पुणे-बंगळुरू महामार्ग जातो. त्यावरच्या टँकरच्या मागे एक फलक असतो. त्यावर मालाचं नाव, धोक्याचं चौकोनी चित्र, तातडीचा फोन नंबर आणि चार आकडी क्रमांक असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे गॅस. भाषा येवो न येवो, आग विझवायला येणाऱ्याला त्या आकड्यावरून समजतं की समोर काय आहे, पाणी मारायचं की फेस. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे माल पाठवणाऱ्याने त्याची पूर्ण माहिती दिली पाहिजे, ड्रायव्हरजवळ ती लेखी असली पाहिजे, आणि ड्रायव्हरला त्याचं खास प्रशिक्षण हवं.

हा फलक धुळीने माखलेला किंवा अर्धा खरवडलेला असला तर आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी मेल्यावर लिहिली गेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या अंगणात छिन्नी उचलणाऱ्या माणसाला पेटीवर दोन शब्द वाचायला मिळाले असते, तर त्याने ती खाली ठेवली असती.