टिपू सुलतान यांचे लोखंडी बाण

म्हैसूरचे वाली टिपू सुलतान यांची तलवार सर्वांना माहीत आहे, त्यांचे अग्निबाण कमी जणांना. जन्म देवनहळ्ळीचा. वालिद हैदर अली यांच्या फौजेत बाणदार होतेच. टिपूंनी त्यांची संख्या वाढवली, प्रत्येक कुशूनला (पलटणीला) 200 बाणदार दिले.

खरी करामत नळीत होती. दिवाळीत आपल्या आरे कॉलनीत उडतो तो बाण कागदी नळीचा. दारू जास्त ठासली की कागद फाटतो. युरोपातही तेव्हा नळ्या पुठ्ठ्याच्याच असायच्या. म्हैसूरच्या लोहारांनी ठोकून घडवलेलं लोखंड वापरलं. ते आतला दाब सोसायचं, म्हणून बाण किलोमीटरभर जायचा. आजच्या रॉकेटलाही हाच सवाल आहे: आतली आग आणि दाब धातू पेलेल का?

पण दारू मालकालाही ओळखत नाही. 2 मे 1799 ला श्रीरंगपट्टणच्या किल्ल्यात इंग्रजांचा गोळा बाणांच्या कोठारावर पडला आणि प्रचंड स्फोट झाला. 4 मे रोजी सुलतान लढता लढता शहीद झाले. बाण विलायतेला गेले. त्यांच्यावरूनच विल्यम काँग्रीव्ह यांनी पुढे इंग्रजी रॉकेट बनवलं.

2018 मध्ये शिमोगा जिल्ह्यात, नगर इथल्या जुन्या विहिरीत असे हजाराच्या आसपास बाण सापडले. मुलांना तलवारीबरोबर त्या लोहारांचंही सांगा.