शाहीर राम जोशी : सवाल-जवाबाच्या फडातील पंडित



मागील घटकात आपण लावणी आणि पोवाडा या रचनाप्रकारांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर राम जोशी यांचे चरित्र आपल्याला अभ्यासायचे आहे. हे चरित्र वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवावा. एका कलावंताने दुसऱ्या कलावंताला भर फडात, हसतखेळत विचारलेल्या प्रश्नाचा कवीच्या घडणीशी काय संबंध असतो?

३.१ फडातील प्रश्न

शाहिरी परंपरेत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष आहेत. कलगीवाले शक्तीला, म्हणजे मायेला श्रेष्ठ मानतात, तर तुरेवाले शिवाला, म्हणजे ब्रह्माला. दोन फड समोरासमोर आले की डफ-तुणतुण्याच्या साथीने एक शाहीर सवाल टाकतो आणि दुसऱ्याला त्याचा जवाब गाण्यातूनच द्यावा लागतो. आध्यात्मिक कोडे घालणाऱ्या अशा रचनेला भेदिक लावणी म्हणतात.

हे सवाल केवळ माया-ब्रह्मापुरते मर्यादित राहत नाहीत. तुझा गुरू कोण, विद्या कोठून आणलीस, डफ हाती का घेतलास, असे व्यक्तिगत प्रश्नही थट्टेच्या सुरात विचारले जातात. श्रोते हसतात, परंतु ज्याला प्रश्न विचारला आहे त्याची त्या क्षणी खरी परीक्षा असते. उत्तर सुचले नाही, तर सर्वांदेखत डफ खाली ठेवण्याची पाळी येते. म्हणून फडातील थट्टा ही शाहिराच्या व्यासंगाची आणि हजरजबाबीपणाची कसोटी ठरते, हे आपण लक्षात घ्यावे.

३.२ घर आणि फड

राम जगन्नाथ जोशी यांचा जन्म १७६२ च्या सुमारास सोलापूर येथे झाला. घराणे ब्राह्मणाचे, जोशीपण ही घरची वृत्ती. त्यांचे वडीलबंधू मुद्गल जोशी हे शास्त्र-पुराण जाणणारे गृहस्थ होते. धाकट्या भावाने हीच वाट चालावी, अशी घराची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. पण रामाचा ओढा तमाशाकडे होता. सोलापुरातील धोंडी नावाच्या शाहिराच्या फडात त्यांचे येणे-जाणे वाढले आणि तेथेच ते लावण्या रचू लागले, असे परंपरा सांगते.

त्या काळी ही गोष्ट किती गंभीर होती, याची कल्पना आज सहज येणार नाही. समकालीन शाहिरांकडे पाहा. होनाजी गवळी होते, परशराम शिंपी होते, सगनभाऊ मुसलमान शिकलगार होते. फडात जातीपेक्षा गळा आणि बुद्धी यांना मान होता. गावात मात्र तसे नव्हते. वैदिक घरातील मुलाने तमासगिरांत बसणे हा घराण्याला लागलेला डाग मानला गेला. मुद्गल जोशी यांनी भावाला घराबाहेर काढले. तू नेमका कोणाचा, हा फडात गमतीने विचारला जाणारा प्रश्न आता घराच्या उंबरठ्यावर विचारला गेला होता आणि तेथे त्यात गंमत उरली नव्हती.

३.३ पंढरपूरचे अध्ययन

घर सुटल्यावर राम जोशी पंढरपूरला गेले. तेथे बाबा पाध्ये यांच्याजवळ त्यांनी संस्कृत काव्य-शास्त्राचे अध्ययन केले. चरित्रातील हा टप्पा आपण विशेष लक्षपूर्वक वाचावा. लावणी रचण्याची हातोटी त्यांना आधीच साधली होती. फडात नावही होऊ लागले होते. तरीही ते नव्याने विद्यार्थी झाले. संसार, शेती किंवा नोकरी सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या आपल्यासारख्या वाचकांना या निर्णयाची किंमत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

संस्कृतात मदालसाचंपू रचण्याइतका त्यांचा अभ्यास झाला. मात्र या विद्येमुळे त्यांची लावणी सुटली नाही. पुढे कीर्तनकार म्हणूनही त्यांनी लौकिक मिळवला आणि व्यासपीठ व फड या दोन्ही ठिकाणी एकच वाणी चालवून दाखवली.

३.४ भाषेतून दिलेला जवाब

राम जोशी यांनी शुद्ध संस्कृतात लावण्या रचल्या, तसेच संस्कृत, मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी अशा अनेक भाषा एकाच लावणीत गुंफल्या. याकडे केवळ चमत्कृती म्हणून पाहू नये. सोलापूर हा मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवरचा प्रदेश आहे. तेथील बाजारपेठेत दोन्ही भाषा रोज कानांवर पडतात. कवीने ऐकलेली भाषाच फडात आणली.

सीमेवरच्या भाषेचा हा अनुभव आपल्यालाही परका नाही. मोताळ्याचे उदाहरण घ्या. बुलढाणा जिल्ह्याचे लोक घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग मानतात. राजूर घाट उतरून मोताळ्यात आलेला मनुष्य आणि खानदेशाच्या बाजूने आलेला मनुष्य बाजारात एकमेकांशी बोलू लागले, की वऱ्हाडी आणि खानदेशी वळणे एकाच संभाषणात मिसळतात. खुद्द सवाल आणि जवाब हे शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले, तर भेदिक हा शब्द संस्कृत धातूपासून सिद्ध झाला. फडाची परिभाषाच अशी अनेक घरांची आहे.

पंडिताचे संस्कृत आणि तमासगिराची लावणी एकत्र आणून राम जोशी यांनी दोन्ही बाजूंच्या प्रश्नकर्त्यांना एकाच वेळी उत्तर दिले, असे म्हणता येते. त्यांच्या शृंगारिक लावण्या प्रसिद्ध आहेतच. शिवाय नरजन्माचे सार्थक कसे करावे, याचा उपदेश करणाऱ्या लावण्याही त्यांनी लिहिल्या.

३.५ मोरोपंत आणि पुणे

बारामतीचे पंडितकवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी राम जोशी यांचे गुण ओळखले. त्यांच्या प्रेरणेने राम जोशी कीर्तनाकडे वळले आणि त्यासाठी त्यांनी डफ फोडला, अशी आख्यायिका आहे. मोरोपंतांच्या आर्या विद्वानांच्या वर्तुळाबाहेर सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या, त्यात राम जोशी यांच्या कीर्तनांचा वाटा मोठा होता. एका कवीने दुसऱ्याला तुझ्या विद्येचे तू काय करणार, असे विचारावे आणि दुसऱ्याने त्या पहिल्या कवीचीच कविता गावोगाव नेऊन उत्तर द्यावे, असा हा संबंध आहे.

पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील पुण्यात राम जोशी यांना नाव आणि पैसा दोन्ही मिळाले. पण पैसा टिकला नाही. अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले आणि १८१२ च्या सुमारास पुण्यातच त्यांचे निधन झाले. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट आला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिकांनी गाजलेल्या या चित्रपटाने मराठीतील तमाशापटांची वाट मोकळी केली.

३.६ समारोप

राम जोशी यांना घराने, फडाने आणि पंडितांनी निरनिराळ्या सुरांत एकच प्रश्न विचारला. घराने रागाने, फडाने थट्टेने, तर मोरोपंतांनी आपुलकीने. त्यांपैकी कोणालाही त्यांनी एका शब्दाचे उत्तर दिले नाही. त्यांच्या रचनांची भाषा वाचूनच ते उत्तर शोधावे लागते.

स्वयं-अध्ययनासाठी

१. भेदिक लावणीतील सवाल आणि व्यक्तिगत सवाल यांतील फरक स्पष्ट करा.
२. राम जोशी यांच्या भाषामिश्रणाची कारणे त्यांच्या जीवनक्रमाच्या आधारे सांगा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या शाहिराला, भजनी गायकाला किंवा कीर्तनकाराला भेटा. विद्या कोठून मिळवली, हा प्रश्न विचारा आणि त्याचे उत्तर त्याच्याच बोलीत लिहून काढा.